कराचीवरून जाणारी वाट

दिल्लीच्या करोल बागेत पंजाबी शेजारात वाढलेल्या मराठी मुलांना रावळपिंडी, लाहोर, मुलतान, कराची ही नावे परकी वाटत नाहीत. १९४७ च्या फाळणीनंतर सीमेपलीकडून उठून आलेली कितीतरी कुटुंबे या भागात स्थिरावली. साहजिकच शेजारच्या आजोबांच्या बोलण्यात ‘आमचं गाव’ म्हणून ही नावे यायची, आपल्या आजोबांच्या बोलण्यात सातारा-सांगली यावे तशी. गंमत अशी की दिल्लीहून मुंबई जितकी लांब आहे, त्याच्या निम्म्याहूनही लाहोर जवळ आहे. पण मुंबईचे तिकीट काढता येते. लाहोरला जायचे म्हणजे अंतराचा प्रश्न उरतच नाही, प्रश्न परवानगीचा असतो.

३० जुलै २०१८ रोजी मुंबईच्या दोन मुली पंजाबातल्या पटियालाहून एका चिमुकल्या विमानात बसून निघाल्या, त्या याच सीमेपलीकडे जाण्यासाठी. एकीचे नाव आरोही पंडित, दुसरीचे कीथेअर मिस्किटा. दोघी बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या विद्यार्थिनी, एकमेकींच्या मैत्रिणी आणि वयाने विशीतल्या. पंजाब, राजस्थान, गुजरात, मग पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान आणि तिथून युरोप, असा त्यांचा बेत होता. बड्या कंपनीच्या जेट विमानाला जे अंतर एका रात्रीत संपवता येते, ते त्यांना टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत कापायचे होते.

या उड्डाणाचे कौतुक त्या वेळी वर्तमानपत्रांनी केलेच. दोन मुली, एकटे विमान, एवढा मोठा आशिया खंड! पण या प्रवासात धाडसाइतकीच दुसरीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. छोटे विमान किती लांब जाऊ शकते, हे कशावर ठरते?

चारशे किलोंची ‘माही’

आधी विमानाची ओळख करून घेऊ. मुलींच्या विमानाचे नाव ‘माही’. स्लोव्हेनिया या लहानशा युरोपीय देशात बनलेले ‘सायनस ९१२’ जातीचे हे विमान. वजन सुमारे चारशे किलो. इंजिन एकच, तेही साधारण ८० अश्वशक्तीचे, म्हणजे एखाद्या लहान मोटारीला असते तेवढेच. पेट्रोलची टाकी साठ लिटरच्या आसपास. आत जेमतेम दोन माणसे शेजारी शेजारी बसू शकतात. सामानासाठी जागा म्हणाल तर आपल्याकडे गावाला निघालेल्या एका माणसाच्या पिशव्यादेखील मावणार नाहीत.

मात्र या विमानाचे पंख अंगाच्या मानाने लांबलचक, टोकापासून टोकापर्यंत पंधरा मीटरच्या घरात. त्यामुळे इंजिन बंद पडले तरी ते दगडासारखे खाली येत नाही. घारीसारखे तरंगत, उंची हळूहळू सोडत पुढे सरकते. एक किलोमीटर उंचीवर असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर लांबवर जाऊन उतरायला जागा शोधता येते. खाली जागा असेल तर! वाळवंट, डोंगर आणि समुद्र यांवरून जाताना या ‘जर-तर’ला फार अर्थ असतो.

मोठ्या विमानात बसलेल्या प्रवाशाला हवामानाची आठवण होते ती फक्त पट्टे बांधायची सूचना मिळाल्यावर. ते विमान ढगांच्या कितीतरी वरून जात असते. छोट्या विमानाला ती सोय नाही. ते ढगांच्या खालून किंवा मधल्या मोकळ्या जागेतून वाट काढते. वैमानिकाला जमीन दिसावी लागते, क्षितिज दिसावे लागते. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो आणि जमिनीवरून उठायला धावपट्टी जास्त लागते. इराणच्या आखाताकडे उन्हाळ्यात वायव्येकडून धुळीचे वारे सुटतात. इकडे जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पावसाळा ऐन भरात असतो. अशा वेळी वैमानिकाचे खरे कसब पुष्कळदा उड्डाणात दिसत नाही. ‘आज नको, उद्या’ असे स्वतःला सांगण्यात दिसते.

शंभर अश्वशक्ती, दोन पंख आणि पाचशे पौंड

मुंबईतून आशिया ओलांडण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या दोघी काही पहिल्या नव्हेत. त्यांच्या आधी ८८ वर्षे याच बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकलेला एक तरुण याच मार्गाने गेला होता. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, त्यावर क्रमांक होता एक.

त्याच सुमारास आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला, ठरलेल्या मुदतीत, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड! त्या काळी ही रक्कम मोठी होतीच. पण त्याहून मोठी होती ती ईर्ष्या. भारतीय माणूस एकट्याने एवढे उडू शकतो का, असा प्रश्न तेव्हा उघडउघड विचारला जात होता.

तीन तरुण पुढे आले. रावळपिंडीचा मनमोहन सिंग, कराचीचा अस्पी इंजिनिअर आणि मुंबईचे जेआरडी. मनमोहन सिंगने आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले होते. तो भारतात पोचलाही, पण वाटेत खोळंबा झाला आणि त्याची वेळ मुदतीत बसली नाही. अस्पी तर अवघा सतरा वर्षांचा होता. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला यांच्याबरोबर तो कराचीहून इंग्लंडला विमानाने पोचला होता. पण ते उड्डाण दोघांचे होते. बक्षिसासाठी त्याला परतीचा प्रवास एकट्याने करावा लागणार होता. २५ एप्रिल १९३० रोजी तो इंग्लंडहून निघाला. तिकडे ३ मे रोजी जेआरडी कराचीहून उलट दिशेने निघाले. त्यांचे वय तेव्हा पंचवीस.

दोघांची विमाने एकाच जातीची, जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि बसायची जागा उघडी. वारा थेट तोंडावर. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आसपास. रेडिओ नाही, हवामानाचा नकाशा नाही. हातात कागदी नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली दिसतील त्या खुणा, म्हणजे किनारा, नदी, रेल्वेचे रूळ.

वाळवंटात तर खुणाही नव्हत्या. म्हणून १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो ते बगदाद या टपाल मार्गावर एक साधी युक्ती केली होती. अम्मानच्या पूर्वेकडे वाळवंटातून नांगराने लांबच लांब तास ओढून ठेवला होता. वैमानिकाने वरून ती नांगरट पाहत जायचे! आपल्याकडच्या शेतकऱ्याला ऐकून मौज वाटेल, पण त्या ओळीने कित्येक वैमानिकांना वाट दाखवली.

अबुकीरचे प्लग

जेआरडी आणि अस्पी यांचा मार्ग बराचसा एकच होता. कराचीहून इराणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जास्क, लिंगे, बुशायर, मग बसरा, बगदाद, पुढे इजिप्त. १९२९ मध्ये इम्पिरियल एअरवेजची लंडन-कराची टपाल सेवा सुरू झाल्यामुळे या ठिकाणी उतरायला जागा आणि इंधन मिळण्याची सोय झाली होती. त्यामुळे एक पूर्वेकडून आणि दुसरा पश्चिमेकडून येणार म्हटल्यावर कुठेतरी गाठ पडणारच होती. ती पडली इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ, अबुकीरच्या तळावर.

जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते. प्लग ही स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची वस्तू. तो काळवंडला किंवा तेलाने माखला की किक मारून मारून पाय दुखतात, पण गाडी सुरू होत नाही. रस्त्यावर निदान गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेता येते. विमानाचे तसे नाही. प्लग दगा देणार असतील तर समुद्र आणि वाळवंटावरून निघायचे नाही, हाच शहाणपणा. अस्पी त्यामुळे नवे प्लग येण्याची वाट पाहत बसला होता, आणि बक्षिसाचे दिवस मोजत होता.

जेआरडींकडे जादा प्लग होते. समोर उभा असलेला मुलगा आपला प्रतिस्पर्धी आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी आपले प्लग अस्पीला दिले. मग एक पूर्वेला निघाला, दुसरा पश्चिमेला.

११ मे १९३० रोजी अस्पी कराचीत उतरला. जेआरडी तेव्हा इंग्लंडला पोचायचे होते. बक्षीस अस्पीला मिळाले. या गोष्टीचा पुढचा भागही तितकाच सुंदर आहे. हा अस्पी इंजिनिअर हवाई दलात शिरला आणि डिसेंबर १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला. मनमोहन सिंगच्या वाट्याला वेगळे नशीब आले. दुसऱ्या महायुद्धात तो भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात होता. मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात तो मृत्युमुखी पडला. रावळपिंडीच्या या वैमानिकाला आपले गाव दुसऱ्या देशात गेलेले पाहावे लागले नाही.

यंत्र सुधारले, कागद वाढले

आता १९३० आणि २०१८ यांची तुलना करून पाहा. यंत्राच्या बाबतीत शंकाच नको. माहीचे इंजिन निम्म्या कटकटीत चालते. बंद काचेआड बसता येते. उपग्रहांवरून मिळणारी दिशा एका छोट्या पडद्यावर दिसते. घरी निरोप द्यायला तारेची वाट पाहावी लागत नाही. जेआरडींच्या आणि अस्पीच्या घरच्यांना पुढची तार येईपर्यंत देव पाण्यात घालून बसण्यावाचून काही करता येत नव्हते.

पण वाटेच्या बाबतीत चित्र उलटे झाले. १९३० मध्ये कराची ते मुंबई ही देशांतर्गत वाट होती. इराक आणि पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा कारभार होता, इजिप्तमध्ये त्यांचे तळ होते. वाट मोकळी होती, पण ती साम्राज्याची वाट होती. तिच्यावरून उडणारा भारतीय स्वतःच्या देशातही मालक नव्हता, हे विसरून चालणार नाही. पुढे हे सारे देश स्वतंत्र झाले. प्रत्येकाची सीमा आली, प्रत्येकाचे आकाश आले. ते व्हायलाच हवे होते. त्याबरोबर कागदही आले.

आज छोट्या विमानाला एखाद्या देशावरून जायचे तर त्या देशाची आधी परवानगी लागते. उतरायचे असेल तर वेगळी. ती ठरावीक तारखांसाठी असते. हवामान बिघडले, दोन दिवस थांबावे लागले की परवानगीची मुदत संपते आणि पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणे. जिथे सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणीची सोय आहे, अशाच विमानतळावर परदेशातून येऊन उतरता येते. असे विमानतळ सहसा मोठे असतात. तिथे जेट विमानांना लागणारे इंधन हवे तेवढे असते, पण ते एक प्रकारचे रॉकेलच. माहीसारख्या विमानाला पेट्रोल लागते, आणि नेमके तेच मोठ्या विमानतळावर मिळेलच असे नाही. वैमानिक आकाशात असतो चार-पाच तास. त्या चार-पाच तासांसाठी जमिनीवर कुणीतरी कित्येक दिवस पत्रे लिहीत, फोन करीत बसलेले असते.

म्हणूनच या मुलींचे विमान पाकिस्तानात उतरले, ही बातमी मोठी होती. १९४७ नंतर तिथे उतरलेले भारताचे हे पहिलेच हलके क्रीडा विमान, असे तेव्हा सांगितले गेले. या वाटेवर दोन मुलींना परवानगी मिळाली, ही साधी गोष्ट नव्हती. ती संधी किती थोड्या दिवसांची होती, हे लवकरच कळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या घटनेनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा मनाई केली. मोठमोठ्या विमान कंपन्यांना तासन् तास वळसे घालावे लागले. तिथे चारशे किलोंच्या विमानाची काय कथा!

पूर्वेकडून पुन्हा आशियात

जेआरडी आणि या मुली यांच्या मधल्या काळात मुंबईच्या आणखी एका माणसाने ही वाट पार केली होती. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये लंडनहून अहमदाबादपर्यंत मायक्रोलाइट विमान आणले. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तेवीस दिवसांत. मायक्रोलाइट म्हणजे माहीपेक्षाही हलके यंत्र. पन्नाशी आली की पायऱ्या चढतानाही विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

मुलींचे विमान पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान करीत युरोप ओलांडून ब्रिटनमध्ये पोचले. पुढे अटलांटिक महासागर होता. समुद्रावरून जायचे तर सुरक्षेचे सामान वाढते आणि छोट्या विमानात सामान वाढले की माणूस कमी करावा लागतो. पुढचे टप्पे आरोहीने एकटीने उडवायचे आणि कीथेअरने जमिनीवरची बाजू सांभाळायची, असे ठरले. मे २०१९ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंडचा बर्फ, आणि मग कॅनडातले इकालुइट असे आरोहीने अटलांटिक ओलांडले. अशा हलक्या विमानातून हा महासागर एकटीने पार करणारी ती पहिली स्त्री ठरली. २१ ऑगस्ट २०१९ रोजी अलास्काहून बेरिंग समुद्र ओलांडून ती रशियातल्या अनादिर इथे उतरली. तुर्कस्तानातून पश्चिमेकडे जाताना माहीने आशिया सोडला होता. जगाला वळसा घालत ती पूर्वेकडून पुन्हा आशियात आली.

टाळ्या आरोहीला मिळाल्या, आणि त्या मिळायलाच हव्यात. पण जमिनीवर राहिलेल्या मैत्रिणीच्या वाट्याचे काम कमी मोलाचे नव्हते. घरात एकाने परीक्षेला बसायचे असते तेव्हा बाकीच्यांनी काय काय करायचे असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको.

कराचीऐवजी भूज

१९३० च्या शर्यतीत जेआरडी हरले, पण कराची त्यांनी सोडली नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. भारतीय विमान वाहतुकीची ही सुरुवात. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात. या उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. पन्नास वर्षे झाल्यावर, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा ते कराचीहूनच निघाले. मधे १९६५ ची आणि १९७१ ची युद्धे होऊन गेली होती, तरीही १९८२ मध्ये एका वृद्ध वैमानिकासाठी ती वाट उघडली गेली.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी जेआरडींच्या उड्डाणाची आठवण म्हणून आरोही पंडित माही घेऊन निघाली. जीपीएस नाही, स्वयंचलित यंत्रणा नाही. जुन्या पद्धतीने नकाशा आणि नजर यांच्या भरवशावर तिने अहमदाबादमार्गे जुहू गाठले. पेट्रोल साठ लिटरहून कमी लागले. फक्त एक फरक होता. ती कराचीहून निघाली नाही, भूजहून निघाली.

भूजची धावपट्टीही काही साधी नाही. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी विमानांनी ती उखडली तेव्हा जवळच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी बहात्तर तासांत ती पुन्हा उभी केली होती. बॉम्बवर्षावाची भीती डोक्यावर असताना त्यांनी ते काम केले. ज्या युद्धाने कराचीची वाट आणखी कठीण केली, त्याच युद्धात दुरुस्त झालेल्या धावपट्टीच्या गावाहून कराचीचे स्मरण करायला एक मुलगी उडाली.

छोट्या विमानाचा पल्ला किती, असे विचारले तर पुस्तकात टाकीचे आणि वेगाचे आकडे मिळतील. माहीचे आकडे जिप्सी मॉथपेक्षा चांगलेच आहेत. तरीही १९३० मध्ये कराचीहून निघता आले आणि २०२१ मध्ये आले नाही. टाकीत साठ लिटर पेट्रोल असते, ते चार-पाच तासांत संपते आणि विमानाला कुणाच्या तरी अंगणात उतरावे लागते. तिथल्या माणसाने पेट्रोल दिले, कागदावर शिक्का मारला, एखादा प्लग काढून हातावर ठेवला, तरच पुढचा टप्पा. अबुकीरला जेआरडींनी नेमके हेच केले होते, तेही स्वतःच्या पाचशे पौंडांवर पाणी सोडून. अस्पी आणि त्यांच्यात देशाची सीमा नव्हती, तरी स्पर्धा होती. ज्यांच्यात सीमा आहे त्यांनी हे करणे अधिक अवघड, हे खरेच. पण २०१८ मध्ये दोन मुलींसाठी ते झाले, हेही तितकेच खरे.